तक्रार एकट्यानं करायची

माझं माहेर माधवनगरचं आणि सासर कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात. माहेरी वडील, म्हणजे आण्णा, कापड गिरणीत कामाला होते आणि त्याहून जास्त वेळ युनियनच्या कामाला होते. सासरी सासरे, म्हणजे मामंजी, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आण्णांच्या मते ज्या दिवशी माणसानं कुणाविरुद्ध तक्रार केली नाही, तो दिवस वाया गेला. मामंजींच्या मते तक्रार ही बायकांनी आणि सिव्हिलियन लोकांनी करायची गोष्ट आहे. मी दोन्हींत मोडत असल्यामुळे मला ते सूट देत. लग्नाच्या पंगतीत दोघे शेजारी बसले होते. आण्णांनी भाजीत मीठ नसल्याचं आचाऱ्याला बोलावून सांगितलं. मामंजींनी तीच भाजी दोनदा मागून घेतली. आचारी त्यांनीच ठरवला होता.

मी कोरेगावात हायस्कूलला मराठी शिकवते. त्यामुळे गावातले निम्मे अर्ज माझ्या अक्षरात असतात. विहिरीचा पंप, रेशनकार्डावरचं नाव, एसटी वेळेवर न येणं, सगळं लिहून झालं. नवऱ्यासाठी मात्र कधी अर्ज लिहावा लागेल असं वाटलं नव्हतं, कारण नवरा फौजेत हवालदार आणि मामंजींचा मुलगा.

झालं असं. त्या वर्षी पावसाळ्यात नवरा सुट्टीवर आला होता. सुट्टीचे शेवटचे दिवस आम्ही माधवनगरला गेलो. त्याची परतीची गाडी मिरजेहून होती. तेवढ्यात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. माझी मावशी नदीकाठच्या भागात राहते. तिला काढायला हा गेला, आणि गेला तो परत आलाच नाही. म्हणजे जिवंत होता, पण नावेत होता. मावशीला काढल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याला काढलं, मग म्हाताऱ्याची म्हैस, मग पुढची गल्ली. रेल्वे बंद, रस्ते बंद. त्याचा स्वतःचा फोन पहिल्याच दिवशी पाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मी मावशीला बघायला छावणीत गेले होते, माझा फोन चार्जिंगविना बंद पडलेला. तिथं माझ्यासमोरच कुणाचा तरी फोन मागून त्यानं पलटणीत कळवलं, की पुरात अडकलोय, गाडी सुरू झाली की निघतो. पलीकडून उत्तर आलं, "सायबांना सांगतो. तू काळजी करू नगंस."

तो आठवडाभर उशिरा पोचला. निघायच्या दिवशी सकाळी मावशीच्या गल्लीनं त्याचा सत्कार केला. गाडी संध्याकाळची होती, त्यामुळे नाही म्हणायला काही कारण नव्हतं. शाल, नारळ, आणि चौकात माणूसभर उंचीचा फ्लेक्स. फ्लेक्सवर नावेतला फोटो आणि खाली ‘पूरग्रस्तांचा देवदूत’. देवदूताच्या मांडीवर म्हशीचं पारडू होतं.

तो फ्लेक्स व्हॉट्सअ‍ॅपवरून त्याच्या आधी पलटणीत पोचला. साहेबांसमोर पेशी झाली तेव्हा त्याला विचारलं गेलं, की सत्कार घ्यायला वेळ होता, आणि कळवायला वेळ नव्हता काय. हा म्हणाला, फोन केला होता. असा फोन आल्याचं कुणीच म्हणत नव्हतं. मामलेदार कचेरीतून मी पुराचा दाखला मिळवून पाठवला. दाखल्यात लिहिलं होतं, की पूर आला होता. पुराबद्दल साहेबांची काही शंका नव्हती. न कळवता सुट्टीपेक्षा जास्त राहिला, म्हणून कडक ताकीद झाली, आणि त्याच्या वर्तणुकीच्या कागदावर ती लाल शाईनं नोंदली गेली. छोटी शिक्षा काळ्या शाईत जाते, मोठी लाल शाईत. लाल शाई बढतीच्या वेळी लांबून दिसते.

आणि तशीच ती दिसली. पुढच्या वर्षी नायब सुभेदारांची यादी लागली, त्यात याचं नाव नव्हतं. आता एकच संधी उरली होती. त्या यादीत नाव आलं तर नोकरी काही वर्षं पुढं जाणार, नाही तर हवालदार म्हणूनच घरी. आमच्या गावात दारावरच्या पाटीवर आधी हुद्दा असतो आणि मग नाव. लोक हाकही हुद्द्यानंच मारतात. पण खरं सांगायचं तर त्याला हुद्द्यापेक्षा दुसरंच लागलं होतं. कागदावर ‘न कळवता’ असं लिहिलं होतं. म्हणजे हा साहेबांसमोर उभा राहून खोटं बोलला, असं पलटणीच्या दप्तरी कायमचं झालं होतं. यात्रेला सुट्टीवर आला तेव्हा तो जेवताना मधेच थांबायचा आणि म्हणायचा, "मी फोन केला हुता." मला माहीत होतं. मी शेजारी उभी होते. पण बायकोची साक्ष म्हणजे घरचीच साक्ष.

मी म्हटलं, तक्रार कर. तो मामंजींकडं बघायला लागला.

मामंजी म्हणाले, "पलटन म्हंजी आई. आईची तक्रार कुनाकडं करनार?"

मी म्हटलं, "आजीकडं."

मामंजी उठून गोठ्यात गेले. आमच्याकडं वाद संपल्याची ती खूण आहे.

मी आण्णांना फोन केला. ही चूक म्हणावी की काय, अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा एसटीनं हजर झाले, काखेत रेक्झिनची पिशवी, आणि पिशवीत गिरणीच्या काळातला निवेदनाचा नमुना. गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली, पण नमुना त्यांनी सोडलेला नाही. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं, असं ठरलं. सुरुवात नेहमीची, ‘आम्ही खाली सह्या करणारे’. मधे पूर, नावेतले दिवस, म्हाताऱ्या माणसांची संख्या. म्हैस गाळावी असं मी सुचवलं, ते त्यांनी मान्य केलं. शेवट त्यांचा आवडता: ‘वरील मागणी त्वरित मान्य न झाल्यास होणाऱ्या परिणामांस व्यवस्थापन जबाबदार राहील.’

मी म्हटलं, "आण्णा, पलटणीत व्यवस्थापन नसतंय."

"मग कोन असतंय?"

"कमांडिंग ऑफिसर."

"मग त्यो जबाबदार राहील असं लिव. आन खाली प्रती लिव. आमदार, खासदार, कलेक्टर, वर्तमानपत्र."

यात्रेमुळे याच्याच पलटणीतली गावातली आणि शेजारच्या वाडीवरची पाच-सहा पोरं सुट्टीवर होती. आण्णांनी त्यांना देवळापुढं गाठलं. एकट्याचं कोण ऐकतंय, गड्या, एकी पाहिजे, वगैरे बोलून झालं. सगळ्यांनी सह्या केल्या. फौजी सही नुसती करत नाहीत. नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, सगळं नीट लिहिलं, वाचता येईल अशा अक्षरात. सही करून झाल्यावर एकानं विचारलं, "कशाचं हाय पर हे?" तोवर आण्णा पुढच्याकडं गेले होते. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो पालखीला खांदा द्यायला गेला होता.

आण्णा कागद घेऊन विजयी मुद्रेनं अंगणात आले. मामंजी बाजेवर बसले होते. आण्णांनी कागद त्यांच्या हातात दिला. मामंजींनी चष्मा लावला आणि वरपासून वाचायला लागले. सह्यांपाशी आल्यावर त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. मी त्यांना सुनेच्या नात्यानं पंधरा-वीस वर्षं बघितलंय. ते घाबरलेले मी तेव्हाच बघितले.

"हे कुनी लिवलं?"

"मी," आण्णा म्हणाले.

"अक्षर माझं," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

मामंजी आण्णांना म्हणाले, "आवं पाव्हनं, फौजंत एकानं लिवलं तर त्यो अर्ज. दोघांनी मिळून लिवलं तर बगावत. तुमी तर अर्धी पलटन गोळा केली. ही समदी पोरं आत जात्याल. माझं पोरगं पयलं जाईल."

आण्णा म्हणाले, "आमच्यात एकट्यानं लिवलं तर गद्दारी धरत्यात."

दोघे एकमेकांकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांच्या धंद्याबद्दल पहिल्यांदाच काही ऐकलं असावं. मग मामंजी उठले, परसात बंब पेटलेला होता, त्यात कागद घातला, आणि तो पूर्ण जळेपर्यंत तिथं उभे राहिले. त्यानंतर टोपी घातली आणि सह्या करणाऱ्या प्रत्येक पोराच्या घरी गेले. दारातूनच विचारत होते, "आज सकाळी तू कशावर सही केली काय?" पोरगं म्हणायचं, "व्हय, त्या..." "केली न्हाईस." "न्हाई, साहेब." मग पुढचं घर. आण्णा हळहळत होते, की एवढी चांगली एकी कधी नव्हे ती झाली होती.

मामंजी परत आले ते वेगळ्याच रागात. बाजेवर बसले आणि मला म्हणाले, "वही आन. करायचंच हाय तर रीतसर कर."

मग त्यांनी सांगितलं. आधी कंपनीच्या साहेबांकडं मुलाखत मागायची, तोंडी. तिथं नाही भागलं तर कमांडिंग ऑफिसरकडं लेखी. अर्ज स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीनं. बायकोनं, बापानं, सासऱ्यानं करायचा नाही. आमदाराची चिठ्ठी जोडायची नाही, बाहेरून वजन आणलं म्हणून उलट अंगाशी येतं. कुणाला नावं ठेवायची नाहीत. काय घडलं, कधी घडलं, कोण हजर होतं, त्यानं माझं काय नुकसान झालं आणि मला काय पाहिजे, एवढंच. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर त्याच्या वरच्या साहेबाकडं, मग त्याच्या वरच्या, असं थेट वरपर्यंत जाता येतं. सगळे दरवाजे संपले की लष्कराचं न्यायाधिकरण असतं, तिथं वकील घेऊन उभं राहता येतं. अर्ज केला म्हणून कुणी शिक्षा करू शकत नाही, तो जवानाचा हक्क आहे.

मी लिहायचं थांबले. म्हटलं, "मामंजी, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ कसं?"

"दरबारात, समदी पलटन गोळा झाली की, जवानांना मीच वाचून दावायचो."

"मग किती जणांनी केले अर्ज?"

"एकानंबी न्हाई."

"का?"

मामंजींनी थोडा विचार केला. "मी तशा आवाजात वाचायचो," ते म्हणाले.

नवरा पालखीहून आला, गुलालानं माखलेला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातपाय धुतले आणि माझ्याशेजारी बसला. मी लिहीत गेले, तो सांगत गेला. तारीख, छावणी, फोन. मग मी विचारलं, "फोन कुणी घेतला?"

तो कानामागचा राहिलेला गुलाल पुसायला लागला.

मला वाटलं, आठवत नसेल. तसं नव्हतं. फोन घेतला होता त्याच्या जोडीदारानं. भरतीपासून दोघे एकत्र, ट्रेनिंगला एकाच ताटात जेवलेले. तो कवठे महांकाळकडचा. सुट्टीवर जाता-येता आमच्याकडं उतरायचा, माझ्या हातचं पिठलं मागून खायचा. पुराच्या वेळी तो हवालदार मेजर होता आणि निरोप वर कळवणं त्याचंच काम होतं. तो कळवायचं विसरला. बस, विसरला. पेशीच्या वेळी त्यानं तोंड उघडलं नाही, कारण तेव्हा त्याचं स्वतःचं नाव नायब सुभेदाराच्या यादीत होतं, आणि यानंही त्याचं नाव घेतलं नाही. नंतर तो नायब सुभेदार झाला. माझा नवरा त्याला सलाम करत होता, आणि फोन त्यानंच घेतला होता हे मला एवढे दिवस माहीत नव्हतं.

मला राग आला. इतका, की पेनाचं टोक कागदात घुसलं. म्हटलं, "तो माझ्या हातचं पिठलं खातो आणि तुझा गळाही कापतो, आणि तू गप्प?"

नवरा म्हणाला, "नाव घातलं तर त्याला शिक्षा हुईल."

आण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "म्हनून तर समद्यांनी मिळून लिवायचं. मग कुनाचं नाव घालाय लागत न्हाई." कुणी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

मामंजी एवढंच म्हणाले, "नाव न्हाई तर अर्ज न्हाई. नुसता फोन केला हुता म्हनशील तर त्ये आधीच म्हनून झालंय."

नवऱ्यानं ठरवायला तीन दिवस घेतले. यात्रा संपली, पाळणे उतरले, तरी तो मळ्यात जाऊन बसायचा. निघायच्या दिवशी बूट घालता घालता म्हणाला, "घाल नाव. पर मी अर्ज द्यायच्या आधी त्याला तोंडानं सांगनार."

तसं त्यानं केलं. पलटणीत पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी जोडीदाराकडं गेला आणि म्हणाला, तुझं नाव लिहिलंय. जोडीदार बूट पॉलिश करत होता. म्हणाला, "बरं केलंस." आणि पॉलिश करत राहिला. हे नवऱ्यानं मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, अजून फोन चालू आहे का? तो म्हणाला, आहे.

पुढं जे झालं त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही, कारण काहीच झालं नाही. मुलाखत झाली. अर्ज गेला. अर्ज मिळाल्याचं कळलं. मग अर्जावर विचार चालू असल्याचं कळलं. मग साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी विचार पहिल्यापासून चालू केला. मामंजी एकदाही विचारत नव्हते, फक्त माझा फोन वाजला की अंगणातला रेडिओ बारीक करायचे. आण्णा दर रविवारी विचारायचे, "मोर्चा कवा?" अर्ज वरच्या साहेबांकडं गेला. चौकशी बसली. चौकशीत जोडीदाराला बोलावलं.

त्याला नाही म्हणता आलं असतं. दुसरा साक्षीदार नव्हता. ज्याच्या फोनवरून कॉल केला तो छावणीतला माणूस कोण होता, हे आम्हाला कधीच सापडलं नाही. जोडीदार म्हणाला, "व्हय, फोन आला हुता. मी सांगायचं इसरलो. नंतर भ्यालो."

लाल शाईतली नोंद रद्द झाली. पुढच्या यादीत नवऱ्याचं नाव आलं. मामंजींनी पाटी रंगवायला दिली, आणि रंगाऱ्यानं ‘नायब’ शब्द इतका बारीक काढला की लांबून सुभेदारच दिसतो. मामंजींनी त्याबद्दल तक्रार केली नाही. आण्णांनी पेढे आणले आणि हा लढ्याचा विजय असल्याचं एसटीत सगळ्यांना सांगत आले. मी खूश होते. मला नवऱ्याच्या हुद्द्याचा आनंद झाला आणि ‘न कळवता’ हा शब्द गेला याचा त्याहून जास्त झाला. तो आता जेवताना मधे थांबत नाही.

जोडीदाराला त्याच चौकशीवरून लाल शाई लागली. तो सुभेदार व्हायच्या रांगेत होता.

गेल्या दिवाळीनंतर दोघांना एकाच वेळी सुट्टी मिळाली. नवरा म्हणाला, कवठे महांकाळला जाऊन येऊ. मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, त्यानं बोलावलंय. पोराला घेऊन आम्ही निघालो, पण वाटेत फारसं बोललो नाही. तिकडं वाळलेली ज्वारीची रानं, द्राक्षाचे मांडव, आणि त्याचं घर रस्त्यालाच. दारावरची पाटी जुनीच होती. जोडीदारानं मिठी मारली, माझ्या नवऱ्याला आणि मग माझ्या पोराला. मला म्हणाला, "वैनी, पिठलं न्हाई आनलं?" मी हसले. दोघे रान बघायला गेले.

त्याची बायको चूल फुंकत होती. मला पाट दिला, चहा दिला. माझ्याशी ती नेहमी बोलायची, त्या दिवशी बोलली नाही. मी पोराला बाहेर पाठवलं आणि म्हटलं, "तुमचा राग आहे ना माझ्यावर?"

"हाय की," ती म्हणाली. "तुमचं पेढं आलं तवा मी म्हशीला घातलं."

"मीपण तेच केलं असतं."

तिनं फुंकणी खाली ठेवली. मग पदरानं हात पुसून तिनं फळीवरून एक कोरा फुलस्केप आणि पेन काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. म्हणाली, नवऱ्याला शिक्षा जास्त झाली, खरं बोलल्याचं काहीच धरलं नाही, म्हणून अर्ज करायचाय. त्याला लिहायला जमत नाही. दोन कागद फाडले त्यानं. तुम्हाला जमतं म्हणून बोलावलं.

मी पेन उचललं. काय मागायचं, असं विचारणार होते. पण तिच्याकडं बघून वेगळंच विचारलं. म्हटलं, "चौकशीत त्यांनी नाही म्हटलं असतं तर? कुणाला कळलं असतं?"

ती चुलीत लाकूड सारत होती. "त्ये न्हाईच म्हननार हुते," ती म्हणाली. "आदल्या दिवशी फोन आला त्येंचा. मीच म्हनलं, खरं सांगा. जोडीदार हाय तुमचा. मला काय ठावं. मला वाटलं, खरं सांगितल्यावर सोडत्यात."

मला रडू आलं. तिलाही आलं, पण तिचं ते चुलीच्या धुरावर खपून गेलं. थोड्या वेळानं मी डोळे पुसले, कागद मांडीवर सरळ केला, आणि तिच्या नवऱ्याचा फौजेतला नंबर विचारला. तिला तो पाठ होता.